झुआरीनगर: खताच्या कारखान्यामागून आलेली वस्ती

मुरगाव तालुक्यातील सांकवाळ पंचायतीच्या हद्दीत, वेर्ण्याहून वास्कोकडे जाणाऱ्या महामार्गालगत, झुआरीनगर ही वस्ती आहे. महसुली गाव सांकवाळच आहे आणि पंचायतही सांकवाळचीच, पण टपालाच्या पत्त्यावर, महाविद्यालयांच्या पाट्यांवर आणि वृत्तपत्रांच्या बातम्यांत या भागाला गेली अनेक दशके झुआरीनगर म्हटले जाते. हे नाव झुआरी अॅग्रो केमिकल्स या खत कंपनीवरून आले आणि कंपनीने ते जवळून वाहणाऱ्या जुवारी नदीवरून घेतले होते. बोलण्यात मात्र माणसे या ठिकाणाला सर्रास ‘बिर्ला’ म्हणतात, कारण कारखाना कोणाचा हे गोव्यात सर्वांना ठाऊक होते.

कारखान्याच्या वा शेतीउद्योगाच्या नावाने वसलेली गावे मराठी वाचकांच्या परिचयाची आहेत. औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या जागेवर १९१० साली लोखंडी नांगर घडवणारे किर्लोस्करवाडी उभे राहिले, तर इंदापूर तालुक्यात उसाच्या मळ्यांभोवती वालचंदनगर वाढले. गोव्यातही धारबांदोड्याला संजीवनी सहकारी साखर कारखान्याच्या परिसराला दयानंदनगर असे नाव मिळाले. या ठिकाणांचा आणि भोवतालच्या शेताचा संबंध उघड होता: ऊस पंचक्रोशीतून यायचा, नांगर शेतकऱ्याच्या हातात जायचा. झुआरीनगरचे तसे नाही. शेतीसाठी माल तयार करणारी कंपनी तिथे आली ती तिथली शेती पाहून नव्हे, तर बंदर, रेल्वे आणि मोकळा सडा, म्हणजे जांभ्या दगडाचे पठार, पाहून. या वस्तीचा पुढचा इतिहास याच निवडीतून घडत गेला आहे.

सांकवाळ स्वतः फार जुने गाव आहे. वेलिंग येथील लक्ष्मीनृसिंहाचे देवस्थान मूळ सांकवाळचे असून पोर्तुगीजांच्या धर्मच्छळाच्या काळात, १५६७ साली, देव नदीपलीकडे फोंडा महालात हलवले गेले. विजयादुर्गाही सांकवाळहून केरीला गेली. गावात पुढे आरोग्यमातेची भव्य चर्च उभी राहिली. एकोणिसाव्या शतकात ती आगीत नष्ट झाली आणि आज तिचा केवळ दर्शनी भाग संरक्षित स्मारक म्हणून उभा आहे. २०१५ साली संतपद मिळालेले जोसेफ वाझ हे याच गावाशी निगडित होते. ही सारी वस्ती, मंदिरे, चर्च, भातशेती आणि माडांची कुळागरे, नदीकाठच्या सखल भागात होती. वरचा सडा मात्र जांभ्या दगडाचा, पावसाळ्यात हिरवा व उन्हाळ्यात तांबडा, गुरे चारण्यापलीकडे फारसा उपयोग नसलेला असा होता. त्याची मालकी प्रामुख्याने सांकवाळच्या कोमुनिदादीकडे, म्हणजे जुन्या गावकारी संस्थेकडे होती. गावकार घराण्यांनी सामाईकपणे धारण केलेली ही जमीन खासगीही नव्हती आणि सरकारीही नव्हती. पुढे येणाऱ्या अनेक तंट्यांचे मूळ तिथेच आहे.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला तेव्हा खाणी आणि मुरगाव बंदर सोडले तर मोठा उद्योग असा नव्हता. दयानंद बांदोडकरांच्या मंत्रिमंडळापुढे रोजगाराचा प्रश्न होता. दुसऱ्या बाजूला देशापुढे अन्नधान्याचे संकट उभे होते. १९६५ व १९६६ ही दोन वर्षे लागोपाठ अवर्षणाची गेली आणि अमेरिकेहून येणाऱ्या गव्हावर देशाला विसंबावे लागले. नव्या ठेंगण्या गव्हाच्या व भाताच्या जातींना भरपूर नत्र लागत होते आणि ते देशात पुरेसे तयार होत नव्हते. म्हणून डिसेंबर १९६५ मध्ये केंद्र सरकारने खतनिर्मितीचे दार खासगी आणि परदेशी भांडवलाला अधिक मोकळे केले. नव्या कारखान्यांना काही वर्षे किमती आणि वितरण स्वतः ठरवण्याची मुभा देऊ केली. त्या दशकाच्या अखेरीस विशाखापट्टणम, कानपूर, कोटा येथे जे खासगी खत कारखाने उभे राहिले, त्यांच्याच पिढीतला गोव्याचा हा प्रकल्प होय.

कृष्णकुमार बिर्ला यांच्या उद्योगसमूहाने अमेरिकेतील युनायटेड स्टेट्स स्टील कॉर्पोरेशनच्या भागीदारीत १९६७ साली कंपनी स्थापन केली. जागतिक बँक गटातील आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळानेही तिच्यात पैसे गुंतवले. जागा म्हणून सांकवाळचा सडा निवडण्यामागे साधा हिशेब होता. त्या वेळी अमोनिया बनवण्यासाठी लागणारा हायड्रोजन नाफ्था या खनिज तेलापासून निघणाऱ्या द्रवातून मिळवत, आणि नाफ्था जहाजाने आणणे सोयीचे होते. फॉस्फोरिक आम्ल व पोटॅश हेही परदेशातूनच यायचे. बंदर काही किलोमीटरवर होते. १८८८ पासून चालू असलेला वास्को–लोंढा लोहमार्ग पायथ्याशी सांकवाळ स्थानकावरून जात होता आणि घाट चढला की कर्नाटक व दक्षिण महाराष्ट्राची बाजारपेठ समोर होती. १९७३ मध्ये कारखाना चालू झाला. त्याच वर्षी १२ ऑगस्टला बांदोडकरांचे निधन झाले.

या कारखान्यात नेमके काय होते हे थोडे पाहायला हवे, कारण झुआरीनगरविषयी बोलणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी कुंपणाच्या आत पाऊल टाकलेले असते. हवेतला नत्रवायू आणि हायड्रोजन प्रचंड दाबाखाली एकत्र आणून अमोनिया करतात. हायड्रोजन मिळवताना निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडशी अमोनियाचा संयोग केला की युरिया मिळतो. वितळलेला युरिया उंच मनोऱ्याच्या माथ्यावरून फवाऱ्यासारखा सोडतात, खालून वर जाणारी हवा त्या थेंबांना गोठवते आणि तळाशी साबुदाण्यासारखे पांढरे दाणे जमतात. त्यात ४६ टक्के नत्र असते. अशा सुमारे ४ लाख टन युरियाची या कारखान्याची वार्षिक क्षमता होती, शिवाय डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट) आणि मिश्रखते वेगळी. सातारा, सांगली, कोल्हापूर, बेळगाव या पट्ट्यातल्या उसाला, भाताला हा माल ‘जय किसान’ या छापाच्या पोत्यांतून मिळत असे. कृषी सेवा केंद्राच्या दारात थप्पी लावलेल्या त्या पोत्यांवर गोव्याचे नाव वाचलेल्या शेतकऱ्यांची संख्या गोव्यातल्या एकूण शेतकऱ्यांपेक्षा कितीतरी अधिक असणार, असे म्हणायला आकडेवारीची गरज नाही.

कारखान्याने कामगारांना नोकऱ्या दिल्या तशाच शेजाऱ्यांना काळज्याही दिल्या. उत्पादन सुरू झाल्यानंतर अल्पावधीतच सांडपाणी वेळसांवच्या किनाऱ्याकडे समुद्रात जाऊ लागले आणि मेलेले मासे वाळूवर येऊ लागले. त्या काळच्या अमोनिया तंत्रात कार्बन डायऑक्साइड वेगळा काढण्यासाठी आर्सेनिकयुक्त द्रावण वापरले जाई, त्यामुळे भीती केवळ दुर्गंधीची नव्हती. रापणकार, म्हणजे किनाऱ्यावरून जाळे ओढणारे पारंपरिक मच्छीमार, नारळाचे बागायतदार आणि आसपासच्या गावांतील तरुण रस्त्यावर उतरले. पुढे रापणकारांच्या ट्रॉलरविरोधी लढ्याचे नेते म्हणून गाजलेले माथानी साल्ढाणा या आंदोलनात अग्रभागी होते. झुआरीनगर ज्या कुठ्ठाळी मतदारसंघात येते, त्याच मतदारसंघातून ते नंतर विधानसभेवर निवडून गेले. जलप्रदूषण प्रतिबंधाचा केंद्रीय कायदा १९७४ चा, म्हणजे कारखाना चालू झाल्यानंतरचा आहे. कोणते पाणी कुठे आणि किती शुद्ध करून सोडावे हे बजावणारी यंत्रणाच तेव्हा अस्तित्वात नव्हती, ही बाब त्या संघर्षाचा विचार करताना बहुधा विसरली जाते. दोनापावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी वेळसांवच्या पाण्याचा अभ्यास केला. गोव्यातील पर्यावरणविषयक जनआंदोलनांची सुरुवात शोधायची तर ती याच किनाऱ्यावर शोधावी लागते.

वस्ती कशी वाढली हा या इतिहासाचा दुसरा, आणि माझ्या मते अधिक महत्त्वाचा भाग आहे. कंपनीच्या अधिकाऱ्यांसाठी आखीव वसाहत झाली. मुरगाव एज्युकेशन सोसायटीने १९७२ साली सुरू केलेले कला व वाणिज्य महाविद्यालयही याच सड्यावर आहे. पण बांधकामाला, मालाच्या चढउताराला, ट्रक भरायला माणसे लागत होती आणि ती सांकवाळच्या जुन्या वाड्यांतून येणार नव्हती. घाटावरून, मुख्यतः उत्तर कर्नाटकाच्या कोरडवाहू जिल्ह्यांतून मजूर आले, पुढे देशाच्या इतर भागांतूनही आले. त्यांच्यासाठी घरांची व्यवस्था कोणीच केली नव्हती. मोकळी दिसणारी जमीन कोमुनिदादीची होती. तिथे आधी पत्र्याच्या खोल्या उभ्या राहिल्या, मग जांभ्याच्या चिऱ्यांच्या, मग त्यांवर मजले चढले. नंतर वेर्णा औद्योगिक वसाहत सुरू झाल्यावर ही वस्ती केवळ खत कारखान्याची राहिली नाही. मुरगाव आणि सासष्टी तालुक्यांतील उद्योगांना, बांधकामांना आणि घरकामाला माणसे पुरवणारी ती एक मोठी वस्ती बनली. दाटीतल्या बोळांत कन्नड, हिंदी, कोकणी आणि मराठी एकाच दुकानात ऐकू येतात.

ज्या मजुराने कोरडवाहू शेत सोडून इथे यायचे ठरवले, तो खताच्या कारखान्याच्या सावलीत राहिला, पण खताने त्याची शेती वाचवली नव्हती. त्याच्या तालुक्याला पाणी नव्हते आणि पाण्यावाचून युरिया निरुपयोगी असतो. हरितक्रांतीचा लाभ सिंचन असलेल्या भागाला झाला, हे अर्थशास्त्राच्या पुस्तकात वाचण्यापेक्षा इथल्या खोल्यांत राहणाऱ्यांच्या गावांची यादी केली तर लवकर समजते.

सड्याची दुसरी बाजू मात्र वेगळ्या दिशेने बदलली. २००४ साली बिट्स पिलानीचे गोवा संकुल येथे सुरू झाले आणि ५ मे २००६ रोजी तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. संकुलाला के. के. बिर्ला यांचे नाव आहे. सुमारे १८० एकरांचे, हिरवळ राखलेले हे आवार आणि महामार्गाजवळची दाट वस्ती दोन्ही एकाच पिन कोडखाली, ४०३७२६ खाली, येतात.

कंपनीचा प्रवास थोडक्यात सांगता येईल. १९७७ पासून खताच्या विक्रीचा दर सरकार ठरवू लागले आणि उत्पादनखर्चातला फरक अनुदान म्हणून मिळू लागला, त्यामुळे कारखान्याचे गणित बाजारापेक्षा दिल्लीवर अधिक अवलंबून झाले. नाफ्था महाग पडू लागला. दाभोळ–बेंगळुरू वायुवाहिनीची शाखा गोव्यात पोहोचल्यावर २०१३ मध्ये कारखाना नैसर्गिक वायूवर गेला. दरम्यान कंपनीचे नाव झुआरी इंडस्ट्रीज झाले, खत व्यवसाय वेगळा काढून त्याला पुन्हा झुआरी अॅग्रो केमिकल्स हे नाव देण्यात आले. कर्जाचा भार वाढत गेला आणि २०२१ साली गोव्याचा कारखाना ओडिशातील पारादीप फॉस्फेट्सला विकण्याचा करार झाला. १ जून २०२२ पासून तो त्या कंपनीकडे गेला. पारादीप फॉस्फेट्स मुळात सरकारी कंपनी. २००२ साली निर्गुंतवणुकीत तिची बहुतांश मालकी झुआरी समूह आणि मोरोक्कोच्या फॉस्फेट कंपनीच्या संयुक्त उपक्रमाकडे आली होती, म्हणून हे हस्तांतर घरातल्या घरातच झाले असे म्हणता येते. हस्तांतराच्या थोडे आधी, मे २०२२ मध्ये, कारखान्यातील एका दुर्घटनेत तीन कामगारांचा मृत्यू झाला. त्याआधी जानेवारी २०१८ मध्ये बंदराकडून येणारा अमोनियाचा टँकर चिखलीत उलटून आसपासच्या रहिवाशांना घरे सोडावी लागली होती. धोका कुंपणापुरता नसतो, तो बंदरापासून कारखान्यापर्यंतच्या सबंध रस्त्यावर पसरलेला असतो, हे चिखलीकरांना त्या पहाटे कळले.

पोत्यावरही फेरफार झाले. २०१८ मध्ये युरियाचे पोते ५० किलोंवरून ४५ किलोंचे झाले आणि ऑक्टोबर २०२२ पासून ‘एक राष्ट्र, एक खत’ या योजनेखाली अनुदानित खतांच्या पोत्यांवर ‘भारत’ हे एकच नाव ठळक छापणे बंधनकारक झाले, कंपनीचे नाव खालच्या भागात गेले. म्हणजे कारखान्याचा मालक बदलला, पोत्यावरचा छाप बदलला आणि झुआरी हे नाव प्रामुख्याने टिकले ते वस्तीच्या पत्त्यावर.

त्या पत्त्यावरच्या घरांचा प्रश्न अद्याप सुटलेला नाही. कोमुनिदादींचा कारभार १५ एप्रिल १९६१ च्या, म्हणजे पोर्तुगीज राजवटीच्या अखेरच्या वर्षातील संहितेनुसार चालतो. कोमुनिदादीच्या जमिनीवरील बांधकामे पाडावीत अशी मागणी गावकार करतात, तर तीस-चाळीस वर्षे राहिलेल्या, मतदार यादीत नाव असलेल्या, वीजबिल भरणाऱ्या कुटुंबांना बेघर कसे करायचे, असे पंचायत व लोकप्रतिनिधी विचारतात. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य आहे आणि दोघांनाही या स्थितीत आणणाऱ्या मूळ नियोजनकर्त्यांना जाब विचारणारे आज कोणी उरलेले नाही. २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात गोवा विधानसभेने या संहितेत दुरुस्ती करून, २८ फेब्रुवारी २०१४ पूर्वी कोमुनिदादीच्या जमिनीवर उभारलेली राहती घरे ठरावीक अटींवर नियमित करण्याची तरतूद केली. गावकार संस्थांनी तिला विरोध केला असून, जमीन आपली असताना तिचा निर्णय सरकारने कसा घ्यावा, हा त्यांचा आक्षेप आहे.