गुडघ्याची गोळी आणि मूत्रपिंडाचे दोन नळ

आत्याच्या औषधांचा डबा म्हणजे बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. परवा उघडला तर आत मेडिकलवाल्याने कात्रीने कापून दिलेल्या चार-चार, पाच-पाच गोळ्यांच्या पट्ट्या. कशावर अर्धं नाव, कशावर नुसता बॅच नंबर. "ही बीपीची, सकाळी. ही गुडघ्याची." आषाढीच्या वारीहून आल्यापासून गुडघ्याची गोळी रोज दोनदा चालू होती. वय 76, वजन 45 किलो. "आणि किडनीचा रिपोर्ट नॉर्मल आहे हो माझा," असंही तिने लगेच सांगून टाकलं.

पट्ट्यांचे तुकडे जुळवून नावं वाचली. बीपीची गोळी दिसायला एक, पण आत दोन औषधं: टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड. यातलं दुसरं लघवीवाटे मीठ-पाणी बाहेर काढतं. गुडघ्याची गोळी डायक्लोफिनॅक. म्हणजे गोळ्या दोन, औषधं तीन, आणि तिघांचीही गाठ मूत्रपिंडातल्या एकाच जागी पडते.

ती जागा मला आख्ख्या शरीरात सर्वांत देखणी वाटते. प्रत्येक मूत्रपिंडात साधारण दहा लाख गाळण्या आहेत आणि प्रत्येकीत केशवाहिन्यांचा एक गुच्छ, ग्लोमेरुलस. इतरत्र केशवाहिन्यांतलं रक्त शिरेत जातं. इथे मात्र गुच्छात रक्त आणणारीही धमनिका आणि बाहेर नेणारीही धमनिकाच. धमनिकेच्या भिंतीत स्नायू असतो, त्यामुळे ती आवळता येते, सैल सोडता येते. जणू टाकीला दोन नळ, एक आत येण्याचा, एक बाहेर जाण्याचा. येणारा मोठा सोडला किंवा जाणारा थोडा आवळला की मधला दाब वाढतो आणि पाणी गाळलं जातं. दिवसाला असे सुमारे 180 लिटर! रक्तातला द्रव जेमतेम तीन लिटर, म्हणजे तो दिवसातून साठेक वेळा गाळला जातो. दीड-दोन लिटर लघवी सोडली तर बाकी सगळं परत रक्तात.

आता ऊन लागलं, जुलाब झाले, पाणी कमी पडलं, तरी गाळणं थांबून चालत नाही. तेव्हा प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं येणारा नळ उघडा धरतात, आणि अँजिओटेन्सिन-2 हे संप्रेरक जाणारा आवळतं. वाहतं रक्त कमी, पण मधला दाब टिकून. वाढत्या वयात मूत्रपिंड या आधारावर जास्तच विसंबून असतं.

जॉन वेन यांनी 1971 साली दाखवलं की अ‍ॅस्पिरिनसारखी औषधं प्रोस्टाग्लँडिन तयारच होऊ देत नाहीत. 1982 च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा या कामासाठी होता. डायक्लोफिनॅकही त्याच वाटेने गुडघ्याची सूज उतरवतं, पण त्याला गुडघा आणि मूत्रपिंड वेगळं कळत नाही. येणारा नळ आवळतो. टेल्मिसार्टन अँजिओटेन्सिनला अडवतं, म्हणून जाणारा सैल पडतो. तिसऱ्या औषधाने मुळातलं पाणीच कमी केलेलं. मधला दाब कोसळतो आणि गाळणं मंदावतं. ब्रिटनमधल्या पावणेपाच लाखांहून अधिक रक्तदाबाच्या रुग्णांच्या नोंदी तपासून 2013 साली दिसलं की या तिन्ही प्रकारची औषधं एकत्र घेणाऱ्यांत मूत्रपिंडाला अचानक इजा होण्याचा धोका वाढतो, आणि तो पहिल्या 30 दिवसांत सर्वांत जास्त असतो.

पण म्हणून बीपीची गोळी मनाने बंद करायची नाही. टेल्मिसार्टन रक्तदाब तर आटोक्यात ठेवतंच, मधुमेहात मूत्रपिंडाचं रक्षणही करतं. काढायची ती गुडघ्याची गोळी. तिच्याऐवजी पॅरासिटॅमॉल किंवा वरून लावायचं मलम चालेल का, हे डॉक्टरांना विचारता येतं. जुलाब-उलट्या झाल्या तर कोणती गोळी थांबवायची, तेही आधीच विचारून ठेवावं. आणि "शंभर टक्के आयुर्वेदिक" म्हणून विकल्या जाणाऱ्या बिननावाच्या पुड्यांनी दोन दिवसांत गुडघा मोकळा झाला, तर आनंदाआधी संशय यावा. अशा पुड्यांत वेदनाशामकं आणि स्टेरॉइड मिसळलेली वारंवार सापडली आहेत. चमत्कार त्यांचाच असतो, आणि तो विकणाऱ्यांचा मला मनापासून राग आहे.

राहिला 'नॉर्मल' रिपोर्ट. आत्याचं क्रिएटिनिन 1.0. हा मूत्रपिंड गाळून टाकतं तो रक्तातला कचरा; गाळणं मंदावलं की तो साठतो. पण क्रिएटिनिन स्नायूंतून येतं आणि म्हातारपणी स्नायूच आटतात. तयार होतं कमी, म्हणून साठलेलंही कमी दिसतं. मूत्रपिंड मिनिटाला किती गाळतं याचा अंदाज देणारं कॉकक्रॉफ्ट आणि गॉल्ट यांचं 1976 चं सूत्र कागदावर मांडता येतं: 140 मधून वय वजा करा, वजनाने गुणा, 72 गुणिले क्रिएटिनिनने भागा, बाई असेल तर 0.85 ने गुणा. पंचवीस वर्षांच्या, 60 किलोच्या मुलीचं क्रिएटिनिन 1.0 असेल तर उत्तर मिनिटाला सुमारे 81 मिलिलिटर. आत्याचं 34.

तो आकडा मी तिच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीमागे लिहून दिला. मेडिकलवाल्यालाही सांगितलं, पट्टी कापताना नावाची बाजू आत्याकडे येऊ द्या.