बास्केटबॉलपटूची कारकीर्द (नाशिकच्या संदर्भात)

बास्केटबॉल खेळून उपजीविका करणाऱ्या खेळाडूच्या आयुष्याचे दोन भाग पडतात. मैदानावरचा भाग साधारणतः पस्तिशीच्या आत संपतो आणि त्यानंतर पंचवीस-तीस वर्षांचे कमावते आयुष्य शिल्लक राहते. कारकिर्दीचा विचार हे दोन्ही भाग धरूनच करावा लागतो. अमेरिकेतील एनबीए या सर्वोच्च व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये (संघांच्या हंगामी साखळी स्पर्धेत) किंवा युरोपातील लीगमध्ये खेळाडू संघाशी ठरावीक हंगामांचा करार करतो आणि खेळणे हाच त्याचा पेशा असतो. भारतात मात्र, अलीकडचे काही प्रयोग सोडले तर, बास्केटबॉलपटू हा बहुधा एखाद्या सरकारी खात्याचा किंवा सार्वजनिक उपक्रमाचा नोकरदार असतो आणि त्या संस्थेच्या संघाकडून खेळतो. नाशिकमधून पुढे जाऊ पाहणाऱ्या खेळाडूची वाटही बव्हंशी याच दुसऱ्या प्रकारची असल्याने प्रस्तुत नोंदीत तिच्यावर भर दिला आहे.

हा खेळ १८९१ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ यांनी सुरू केला आणि वायएमसीए या ख्रिस्ती युवकांच्या संस्थेमार्फत तो भारतात पोहोचला. भारतीय बास्केटबॉल महासंघ १९५० मध्ये स्थापन झाला. भारतीय पुरुष संघ ऑलिंपिकमध्ये एकदाच, १९८० साली मॉस्को येथे, खेळला. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर मुंबईच्या नागपाडा भागाने या खेळाला अनेक राष्ट्रीय खेळाडू दिले. १९७० चा अर्जुन पुरस्कार मिळालेले गुलाम अब्बास मुन्तसिर हे त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध. नाशिकची क्रीडापरंपरा मुख्यतः व्यायामशाळा, कबड्डी, खो-खो आणि अलीकडे लांब पल्ल्याची धावशर्यत यांची असून बास्केटबॉल येथे शाळा-महाविद्यालयांच्या आधाराने टिकून आहे.

नाशिकमधील खेळाडूची सुरुवात १४, १७ आणि १९ वर्षांखालील शालेय स्पर्धांतून होते. जिल्हा, विभाग, राज्य आणि राष्ट्रीय अशा पायऱ्या चढाव्या लागतात. पुढे महाविद्यालयात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या संघात निवड होणे आणि तेथून आंतरविद्यापीठ स्पर्धा गाठणे हा दुसरा टप्पा असतो. या वयात सरावाची जागा फार निर्णायक ठरते. शाळांची मैदाने बहुधा उघडी आणि सिमेंटची असतात. पावसाळ्यात त्यांवर शेवाळ धरले की ऐन शालेय स्पर्धांच्या तोंडावर सराव बंद पडतो, आणि जानेवारीच्या कडाक्याच्या थंडीत सकाळी सहाला आलेली मुले पुरेसे अंग गरम न करताच ले-अप (धावत येऊन उडी घेत रिंगजवळून टाकलेला चेंडू) मारू लागतात. लाकडी कोर्ट उडीचा धक्का काही अंशी शोषून घेते, सिमेंट तो सरळ टाचेला आणि गुडघ्याला परत देते. बाराव्या-तेराव्या वर्षापासून अशा जमिनीवर रोज उड्या मारणाऱ्या मुलाच्या कारकिर्दीची लांबी तेव्हापासूनच कमी होऊ लागते, हे क्रीडाशिक्षकांनी आणि पालकांनी गांभीर्याने घेतले पाहिजे.

राज्य शासनाच्या सेवेत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. त्याचा लाभ घेण्यासाठी स्पर्धेच्या प्रमाणपत्राची क्रीडा विभागाकडून पडताळणी करून घ्यावी लागते आणि त्या पदासाठी ठरवून दिलेला स्पर्धेचा दर्जा व क्रमांक त्यावर असावा लागतो. सांघिक खेळाची खरी अडचण येथेच आहे. नाशिक जिल्ह्यातील सावरपाड्याची कविता राऊत २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटर शर्यतीत कांस्यपदक मिळवते किंवा चांदवड तालुक्यातील तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ सैन्यात दाखल होऊन २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये नौकानयनात उतरतो, तेव्हा घड्याळातील वेळ त्यांची स्वतःची असते. बास्केटबॉलमध्ये बारा जणांचा संघ उपांत्यपूर्व फेरीत हरला, तर त्यातील सर्वोत्तम पॉइंट गार्डच्या (चेंडू पुढे नेऊन चाल रचणाऱ्या खेळाडूच्या) हातीही केवळ सहभागाचे प्रमाणपत्र पडते. सामन्यागणिक त्याने किती गुण केले, किती पास दिले, किती रिबाउंड (हुकलेल्या फेकीचे परतलेले चेंडू) घेतले, याची अधिकृत नोंद जिल्हा पातळीवर क्वचितच जपली जाते आणि त्यामुळे निवड समितीपुढे त्याला दाखवण्यासारखे काही उरत नाही. एवढी एक नोंदवही नीट ठेवली गेली तरी अनेक मुलांचे नुकसान टळेल.

रेल्वे, सेनादल, ओएनजीसी यांसारख्या संस्था क्रीडा कोट्यातून खेळाडूंना घेतात आणि राष्ट्रीय स्पर्धांमध्ये त्यांचेच संघ वर्षानुवर्षे बलाढ्य राहिले आहेत. नोकरी लागलेला खेळाडू सरावासाठी आणि शिबिरांसाठी कामातून सवलत मिळवतो व खेळ थांबल्यावर त्याच कार्यालयात पूर्णवेळ रुजू होतो. या व्यवस्थेला कमी लेखण्याचे कारण नाही. केरळची गीतू ॲना जोस ही दक्षिण रेल्वेची खेळाडू २००६ ते २००८ या काळात ऑस्ट्रेलियातील रिंगवूड क्लबकडून व्यावसायिक बास्केटबॉल खेळली, २०११ मध्ये अमेरिकेतील डब्ल्यूएनबीए या महिलांच्या लीगच्या तीन संघांनी तिला चाचणीसाठी बोलावले, आणि तेथे करार झाला नाही तरी मायदेशी तिचा आधार शाबूत होता. याउलट भारतातील व्यावसायिक लीगचे प्रयोग अल्पायुषी ठरले. यूबीए लीग २०१५ मध्ये सुरू होऊन २०१७ नंतर थांबली. महासंघाच्या पाठबळाने आयएनबीएल ही स्पर्धा २०२२ मध्ये सुरू झाली.

करारावर आधारलेली कारकीर्द कशी असते हे सतनाम सिंग भामरा याच्या वाटचालीवरून स्पष्ट दिसते. पंजाबमधील बल्लो के या खेड्यात १९९५ मध्ये जन्मलेला हा सात फूट दोन इंच उंचीचा खेळाडू लुधियानाच्या अकादमीतून २०१० मध्ये शिष्यवृत्तीवर फ्लोरिडातील आयएमजी अकादमीत गेला. २५ जून २०१५ रोजी एनबीएच्या ड्राफ्टमध्ये (संघांनी क्रमाने नवे खेळाडू निवडण्याच्या वार्षिक प्रक्रियेत) डॅलस मॅव्हरिक्स या संघाने त्याला ५२ व्या क्रमांकावर निवडले आणि एनबीए ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला तो पहिला भारतीय ठरला. परंतु ड्राफ्टमध्ये नाव येणे म्हणजे संघात जागा मिळणे नव्हे. वर्षाला सुमारे ६० खेळाडू निवडले जातात आणि ३० संघांत मिळून सुमारे ४५० कायम जागा असतात, त्या बहुतेक आधीच भरलेल्या असतात. सतनाम दोन हंगाम टेक्सस लेजंड्स या दुय्यम लीगमधील संघात राहिला, एनबीएचा एकही सामना न खेळता परतला, पुढे कॅनडातील लीगमध्ये उतरला. २०१९ मध्ये उत्तेजक चाचणीत दोषी आढळल्याने त्याच्यावर दोन वर्षांची बंदी आली. त्यानंतर त्याने अमेरिकेतील एईडब्ल्यू या कंपनीशी व्यावसायिक कुस्तीचा करार केला आणि २०२२ मध्ये तो तिच्या रिंगणात उतरला. पंचविशी नुकतीच ओलांडली असताना त्याचा पेशा बदलला होता. एनबीएमध्ये तीन हंगाम सेवा झाली की खेळाडू निवृत्तिवेतनास पात्र होतो, पण दुय्यम लीगमधील हंगाम त्यात धरले जात नाहीत. म्हणून सतनामसारख्या खेळाडूला नव्या कमाईचा मार्ग लगेच शोधावा लागतो. त्याची कहाणी अपयशाची म्हणून सांगितली जाते, ते अन्यायाचे आहे. आधी कुणी न गेलेल्या वाटेवर तो एकटा चालला.

कारकीर्द संपते ती बहुतेक वेळा शरीरामुळे. रिंगची उंची ३.०५ मीटर असल्याने रिबाउंड, ब्लॉक (प्रतिस्पर्ध्याची फेक हवेतच अडवणे) आणि शॉट या तिन्ही गोष्टी उडीवर अवलंबून असतात. घोटा मुरगळणे ही सर्वांत नेहमीची इजा होय. गुडघ्याच्या वाटीखालची कंडरा सततच्या उड्यांनी दुखावते आणि एका पायावर वळताना गुडघ्यातील पुढचा लिगामेंट (हाडे जोडणारा बंध) तुटला, तर शस्त्रक्रियेनंतर मैदानात परतायला बहुधा नऊ महिने ते वर्षभर लागते. मुलींमध्ये या इजेचे प्रमाण मुलांपेक्षा लक्षणीयरीत्या अधिक आहे. मांडीचे स्नायू बळकट करणे आणि गुडघे आत न वळवता उतरण्याची सवय लावणे, हे व्यायाम महागड्या साधनांशिवाय कोणत्याही शाळेत घेता येतात व त्यांनी इजा घटतात हे सिद्ध झालेले आहे.

खेळ थांबल्यानंतर ज्यांच्या हाती कायम नोकरी नसते, त्यांच्यापुढे प्रशिक्षण आणि पंचगिरी हे दोन मार्ग उरतात. बी.पी.एड. ही शारीरिक शिक्षणाची पदवी घेऊन क्रीडाशिक्षक होता येते. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत वर्षभराचा पदविका अभ्यासक्रम आणि सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आहे. घर चालवत असलेल्या खेळाडूला वर्षभर पतियाळात राहणे जमत नसल्याने तो बहुधा सहा आठवड्यांचा अभ्यासक्रमच निवडतो. शाळांतील प्रशिक्षकाचे काम पुष्कळदा मानधनावर असते. सकाळी एका शाळेत, संध्याकाळी दुसऱ्या ठिकाणी अशी धावपळ करूनही त्याला भविष्य निर्वाह निधी मिळत नाही आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत मानधन बंद होते, तेव्हा शिबिरे घेऊन तो ती तूट भरून काढतो. पंचाचे काम सामन्यागणिक मानधनाचे असते. त्यासाठी राज्य संघटनेची आणि पुढे महासंघाची परीक्षा द्यावी लागते. धावण्याची चाचणीही उत्तीर्ण व्हावी लागत असल्याने, खेळ सोडल्यावर लगेच या परीक्षेकडे वळणाऱ्यांना ती सोपी जाते. दहा वर्षांनी परतणाऱ्याला आधी वजन उतरवावे लागते आणि मधल्या काळात बदललेले नियम नव्याने पाठ करावे लागतात.