दुभत्या गाईचे आरोग्य : दूध व वर्तनातील लक्षणे

दुधातील घटकांचे प्रमाण आणि गाईचे रोजचे वागणे, म्हणजे खाणे, रवंथ, बसणे, चालणे, धारेच्या वेळचा स्वभाव, यांवरून आजार उघड होण्याआधी ओळखण्याची पद्धत. कासदाह (दगडी), किटोसिस (ऊर्जेच्या तुटीचा विकार), पोटातील आम्लता, दुग्धज्वर (रक्तातील कॅल्शियम घटणे) व लंगडणे या विकारांत तिचा विशेष उपयोग होतो. गाय व्यायल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत ती सर्वांत मोलाची ठरते, कारण दुभत्या गाईचे बहुतेक आजार याच काळात उद्भवतात.

एक लिटर दूध तयार होण्यासाठी कासेतून सुमारे ४०० ते ५०० लिटर रक्त फिरते. त्यामुळे पोटात आणि रक्तात जे बिनसते त्याची खूण दुधात उमटते. चाऱ्यातील तंतुमय भाग पोटात आंबून ॲसिटिक आम्ल तयार होते आणि त्यापासून दुधातला बराचसा स्निग्धांश बनतो. प्रथिनांचे प्रमाण मुख्यतः आहारातून मिळणाऱ्या ऊर्जेवर आणि पोटातील सूक्ष्मजीवांच्या वाढीवर अवलंबून असते. लॅक्टोज, म्हणजे दुधातील साखर, मात्र आहाराने फारसे हलत नाही. ते घटले तर आधी कासेकडे पाहावे.

होल्स्टीन संकरित गाईच्या दुधात साधारणपणे ३.५ ते ४ टक्के फॅट (स्निग्धांश), ३ ते ३.४ टक्के प्रथिने व ४.५ ते ४.८ टक्के लॅक्टोज असते. महाराष्ट्रात गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट व ८.५ एसएनएफ (फॅट वगळता उरणारे घन घटक) धरून ठरतो. त्यामुळे हे आकडे प्रत्येक दूध उत्पादकाला तोंडपाठ असतात, पण ते दराचे आकडे म्हणूनच वाचले जातात. तेच आकडे गाईच्या तब्येतीचा अहवालही असतात, हे संकलन केंद्रावरच्या पावतीकडे पाहताना सहसा ध्यानात येत नाही.

याचे सर्वांत बोलके उदाहरण किटोसिसचे. नुकत्याच व्यायलेल्या जास्त दुधाच्या गाईला खाण्यातून पुरेशी ऊर्जा मिळत नाही, म्हणून ती अंगावरची चरबी वितळवते. ही चरबी रक्तातून कासेत येते आणि फॅट वाढते. ऊर्जेच्या तुटीमुळे प्रथिने मात्र घटतात. फॅटला प्रथिनांनी भागून येणारा आकडा १.४ ते १.५ च्या वर गेला, तर सुप्त किटोसिसची शंका घ्यावी. नेमके याच आठवड्यांत फॅट चांगले लागते, दर बरा मिळतो आणि मालक निर्धास्त राहतो. वागण्यातली खूण वेगळी असते. गाय आधी आंबोण सोडते, कडबा मात्र खात राहते. पाठ-माकडहाड झपाट्याने उघडे पडते. काहींना तिच्या श्वासाला व दुधाला ॲसिटोनचा गोडसर वास येतो.

हाच आकडा १.१ च्या खाली आला, विशेषतः फॅट प्रथिनांपेक्षाही कमी लागले, तर पोटातील आम्लतेकडे बोट जाते. पेंड, भरडा जास्त आणि वैरण कमी किंवा फार बारीक कुट्टी केलेली असली की असे होते. शेण पातळ व फेसाळ पडते, त्यात न पचलेले दाणे दिसतात, रवंथ घटते. काही आठवड्यांनी गाय खुरांनी लंगडू लागते. तेव्हा मूळ कारण विस्मरणात गेलेले असते.

कासदाहात दुधातील पेशींची संख्या वाढते. निरोगी सडाच्या दुधात ती मिलिलिटरला एक लाखाच्या आत असते. दोन लाखांच्या वर गेली तर सुप्त कासदाह धरतात. दूध पाहून तो कळत नाही. लॅक्टोज घटते, सोडियम व क्लोराइड वाढतात, दुधाची विद्युतवाहकता चढते आणि चव खारट होते. १९५७ पासून प्रचारात असलेली कॅलिफोर्निया चाचणी गोठ्यातच करता येते. चारही सडांचे दूध वेगवेगळ्या कप्प्यांत घेऊन द्रावण मिसळले की बाधित सडाचे दूध बुळबुळीत, घट्ट होते. कपडे धुण्याच्या पावडरचे ३ टक्के द्रावणही याच तत्त्वावर चालते. दुखऱ्या कासेची गाय धारेला लाथ मारते, पान्हा चोरते, त्या बाजूवर बसायचे टाळते.

दुधातील युरियाचा आकडा आहारातील प्रथिने व ऊर्जा यांचा मेळ दाखवतो. तो संपूर्ण कळपासाठी पाहणे अधिक उपयोगी.

वर्तनात रवंथ सर्वांत विश्वासू. निरोगी गाय दिवसाकाठी सात ते आठ तास रवंथ करते आणि एक घास साधारण ५० ते ७० वेळा चावते. शांत बसलेल्या गाईंपैकी निम्म्याहून अधिक रवंथ करताना दिसल्या पाहिजेत. बसणे १० ते १२ तासांचे असते. उन्हाच्या ताणात गाय उभी राहते, तोंड उघडून धापा टाकते आणि फॅट उतरते. माजावर आलेल्या गाईचेही रवंथ एका दिवसापुरते कमी होते. तो आजार नव्हे.

दुग्धज्वरात मात्र दुधाचे परीक्षण उपयोगी पडत नाही. रक्तातील कॅल्शियम धोकादायक पातळीवर उतरले तरी कास ते खेचत राहते, त्यामुळे दुधातील कॅल्शियम घटत नाही. व्यायल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत कान गार पडणे, तोल जाणे, मान बरगडीकडे वळवून बसून राहणे, हीच ओळख. अशा गाईला तातडीने पशुवैद्यक हवा; तासांचा उशीरही जिवावर बेततो.

कोणताही आकडा त्याच गाईच्या मागील आकड्यांशी ताडून पाहावा. धारेच्या सुरुवातीचे दूध पातळ आणि शेवटचे फॅटदार असते. संध्याकाळचे फॅट अनेकदा सकाळपेक्षा जास्त लागते. म्हणून नमुना संपूर्ण धार मिसळून, ठरलेल्या वेळीच घ्यावा. गाईनिहाय दूध मोजण्याची संघटित सुरुवात १८९५ मध्ये डेन्मार्कमधील वेयन येथे झाली. आपल्याकडे चार-पाच गाईंचे दूध एकाच कॅनमध्ये जाते आणि तपासणी त्या कॅनची होते. एका गाईचे चढलेले फॅट दुसरीच्या उतरलेल्या फॅटमध्ये बुडून जाते. महिन्यातून एकदा प्रत्येक गाईचा नमुना वेगळा नेला, तरी फार मोठा फरक पडेल. दावणीला बांधलेल्या गाईची चाल आणि बसण्याची आवड कळत नाही. मुक्त संचार गोठ्यात ती दिसते. गळ्यातील पट्ट्याने रवंथ मोजणारी साधने मोठ्या गोठ्यांत रुळली आहेत, मात्र छोट्या गोठ्यात रोज धार काढणाऱ्या माणसाची नजर हेच मुख्य साधन आहे.

वरील आकडे होल्स्टीन व तिच्या संकरित गाईंचे आहेत. जर्सीचे फॅट मुळातच जास्त असते आणि म्हशीचे त्याहून जास्त, त्यामुळे फॅट-प्रथिनांचा हा निकष म्हशीला जसाच्या तसा लावू नये. रवंथ, बसणे आणि खाणे यांवरील निरीक्षणे मात्र तिलाही लागू पडतात.