मंडावा की नवलगड?

राजस्थानला निघालेल्या सोलापूरकरांच्या यादीत जैसलमेर-जोधपूर ठरलेलंच असतं. थरच्या वाळवंटाच्या काठावरच्या शेखावाटी भागातली छोटी गावं सुचवली, की हमखास विचारतात, "मंडावा आणि नवलगड एकच ना?" दोन्ही झुंझुनू जिल्ह्यात, तीसेक किलोमीटरच्या अंतरावर, दोन्हीकडे चित्रांनी मढलेल्या हवेल्या. शिवाय ठाकूर नवलसिंहांनी १७३७ मध्ये नवलगड वसवलं आणि १७५५ मध्ये मंडाव्याचा किल्लाही त्यांनीच बांधला. घोळ होणारच.

उंटांच्या तांड्यांचा व्यापार रेल्वे आणि बंदरांकडे वळला, तसे इथले मारवाडी व्यापारी कलकत्त्या-मुंबईला गेले. तिथे कमावलेला पैसा त्यांनी गावाकडच्या भिंतींवर ओतला. वर्ध्याचे म्हणून आपण ओळखतो ते जमनालाल बजाजही याच मुलखातले, सीकरजवळचे.

मंडावा आटोपशीर. किल्ल्याचं आता हॉटेल झालंय आणि बऱ्याच हवेल्या पायी फिरता येतात. नेवटिया हवेलीच्या भिंतीवर राइट बंधूंचं विमान आहे, टेलिफोनवर बोलणारा माणूस आहे. चितारी ऐकीव गोष्टींवरून काय काय रंगवत होते ते पाहून थक्क व्हायला होतं. मात्र पर्यटकांची वर्दळ इथे जास्त, दुकानदारांचा आग्रहही. आईवडील सोबत असतील आणि हातात एकच दिवस असेल, तर मंडावाच बरं.

पण मला विचाराल तर मुक्काम नवलगडला करा. तिथे बाजार गावकऱ्यांसाठी भरतो. १९०२ ची पोदार हवेली संग्रहालय म्हणून जपलेली आहे, त्यामुळे हवेली मुळात कशी असायची ते नीट कळतं. बाहेरच्या चौकात पुरुषांच्या बैठका आणि व्यवहार, आतल्या चौकात बायकांचा संसार. आपल्या दोन चौकी वाड्यासारखंच. तिथली चित्रं नव्याने रंगवलेली असल्याने जरा भडक वाटतात. म्हणून लगेच मोरारका हवेलीही बघा. तिथे जुने रंग आहेत तसे राखलेत. ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर गेरू, काजळी, नीळ लावायची, गिलावा वाळताना रंग भिंतीतच मुरायचा. काजळीची रेघ अजून किती ठसठशीत आहे ते जवळून बघा. नंतर परदेशी रंग आले आणि भिंती निळ्या-लाल झगमगू लागल्या. दोन्ही हवेल्या पाठोपाठ पाहिल्या, की जुना रंग कुठला आणि नवा कुठला हे डोळ्यांना आपोआप कळायला लागतं. मग मंडावा पाहण्याची गंमतही वाढते.

नवलगडला रेल्वे स्टेशन आहे. मंडाव्याला झुंझुनूहून रस्त्यानेच जावं लागतं.

उन्हाची सवय आपल्याला आहे, थंडीची नाही. डिसेंबर-जानेवारीत या भागात पारा शून्याजवळ जातो; चादरीवर भागत नाही, रजईच लागते.

कुलूपबंद हवेलीचा राखणदार भेटला आणि त्याने दार उघडून दिलं, तर त्याच्या हातावर पैसे ठेवा. चित्रांना मात्र हात लावू नका, मुलांनाही लावू देऊ नका.