करडईची पाने खाणारी अळी

करडईची पाने खाणारी अळी ही नॉक्टुइडी कुळातील एका लहान, रात्री उडणाऱ्या पतंगाची अळी आहे. पतंगाचे शास्त्रीय नाव कॉन्डिका केपेन्सिस. गेने या फ्रेंच कीटकशास्त्रज्ञाने १८५२ मध्ये त्याचे वर्णन केले. शेतीच्या जुन्या पुस्तकांत तो पेरिजिया केपेन्सिस या नावाने भेटतो. ‘केपेन्सिस’ म्हणजे दक्षिण आफ्रिकेतील केप प्रदेशाचा. पण आफ्रिकेप्रमाणेच भारतासह आशियाच्या उष्ण भागातही त्याचा वावर आहे.

विदर्भात करडईला करडी म्हणतात. ही काट्यांची, उटकटाऱ्याच्या गणगोतातली वनस्पती. पावसाळा सरताना काळ्या मातीत पेरायची आणि जमिनीतल्या ओलीवर वाढू द्यायची, अशी तिची रीत. हरभऱ्याच्या वावराला कडेने करडीची तासे, म्हणजे ओळी, घातली की गुरे आत शिरत नाहीत. अळीला मात्र हा पहारा अडवत नाही. उगवल्यावर काही आठवडे करडी जमिनीलगत पानांचा गोल पसरून बसते. त्या वयात काटे नसतात आणि पाने लुसलुशीत असतात. घरोघरी भाजीसाठी खुडतात ती हीच पाने. म्हणून या अळीची पहिली ओळख बहुतेकदा भाजी निवडतानाच होते.

अळी हिरवी, गुबगुबीत आणि गुळगुळीत असते. अंगावर जांभळट खुणा असतात आणि शेपटीकडचा भाग कुबड आल्यासारखा वर उचललेला दिसतो. ओळख पटवायची ती या कुबडावरून. करडीच्या बोंडांवर घाटेअळीही येते आणि घाईत दोघींची गल्लत होते, पण घाटेअळीला असे कुबड नसते. पान उलटून पाहावे, कडेला कुरतडलेली नक्षी आणि खालच्या पानांवर हिरवट-काळ्या लेंड्या दिसल्या की अळी जवळच आहे असे समजावे. मोठ्या अळ्या पानांच्या शिराच तेवढ्या शिल्लक ठेवतात, पुढे फुलोऱ्याकडेही वळतात. पूर्ण वाढ झाल्यावर अळी मातीत उतरून कोष करते.

पतंग गडद तपकिरी असतो, पुढच्या पंखांवर पांढरट नागमोडी खुणा. पंख मिटून बसला की बोटाच्या एका पेरात मावेल, आणि ढेकळावर बसला तर दिसतही नाही. करडीखेरीज सूर्यफुलाच्या कुळातील इतर झाडांवरही या अळ्या जगतात.

करडीचा खरा शत्रू मावा; त्याच्या मानाने या अळीचे नुकसान बहुतेक वर्षी कमी असते. अळी थोडी असेल तर हाताने वेचणे आणि पाखरांना बसायला वावरात काटक्या रोवणे पुरते. जास्त असेल तर ५ टक्के निंबोळी अर्क फवारावा : ५ किलो वाळलेल्या निंबोळ्यांची भरड रात्रभर पाण्यात भिजवून, गाळून, एकूण १०० लिटर द्रावण करावे. विषारी औषध मारायची वेळ आलीच तर फुलोऱ्यात ते टाळावेच, कारण पिवळ्या-केशरी फुलांवर सकाळपासून मधमाश्या असतात. फवारलेली पाने भाजीला खुडू नयेत.

सोयाबीननंतर हरभरा घेण्याची पद्धत रुळली तशी करडी अनेक वावरांतून गेली. जिथे धुऱ्यालगत, म्हणजे बांधाशी, तिची दोन तासे अजून उभी आहेत, तिथे हिवाळ्यात ही कुबडी अळी शोधली तर सापडते.