छायाचित्रांमधील ट्रान्झिशन

घरगुती व्हिडिओ संपादनात एक स्थिर फोटो जाऊन दुसरा येताना पडद्यावर जो बदल दिसतो, त्याला ट्रान्झिशन म्हणतात. काहीच घातले नाही तर सरळ ‘कट’ मिळतो. पहिला फोटो विरत असतानाच दुसरा उमटतो तो डिझॉल्व्ह किंवा क्रॉसफेड, सरकती कड जुने चित्र पुसत जाते तो वाइप, आणि मध्ये क्षणभर काळोख होतो तो फेड. कल्पना संगणकाच्या खूप आधीची आहे. एकोणिसाव्या शतकात दोन मॅजिक लँटर्न एकाच पडद्यावर रोखत आणि एकाचा प्रकाश मंद करत दुसऱ्याचा वाढवत. आजचा डिझॉल्व्हही हेच करतो, फक्त दिव्याऐवजी प्रत्येक बिंदूच्या रंगाची बेरीज होते.

ट्रान्झिशनची खूण टाइमलाइनवर, म्हणजे फोटो वेळेच्या क्रमाने मांडलेल्या पट्टीवर, दोन फोटोंच्या सांध्यावर दिसते, त्यामुळे ते दोहोंच्या मध्ये बसते असा समज होतो. खरे तर तेवढा वेळ दोन्ही फोटो एकमेकांवर चढलेले असतात. नवख्यांच्या बहुतेक अडचणी इथूनच सुरू होतात. प्रत्येकी ५ सेकंदांचे २० फोटो म्हणजे १०० सेकंद. त्यांत १ सेकंदाची १९ ट्रान्झिशने घातली की व्हिडिओ ८१ सेकंदांचा होतो. मधला प्रत्येक फोटो एकटा दिसतो तो फक्त ३ सेकंद. माणसांनी भरलेल्या गटाच्या फोटोत चेहरे ओळखायला इतका वेळ पुरत नाही, म्हणून असे फोटो ७-८ सेकंद ठेवावेत. काही प्रोग्रॅम लांबी कमी न करता फोटोच दोन्ही बाजूंना थोडा ताणतात. स्थिर फोटो हवा तितका ताणता येतो, चित्रित क्लिपला मात्र कापलेल्या टोकापलीकडे शिल्लक चित्रण लागते. आपला प्रोग्रॅम यांतले काय करतो, हे दोन फोटोंवर करून पाहिले की लगेच कळते.

गाण्याच्या लांबीत फोटो बसवायचे असतील तर हिशेब उलटा करावा. गाणे २१० सेकंदांचे, फोटो ४० आणि ट्रान्झिशन १ सेकंदाचे असेल, तर २१० मध्ये ३९ मिळवून ४० ने भागावे. प्रत्येक फोटोला सुमारे ६.२ सेकंद येतात. क्रमही महत्त्वाचा आहे: आधी फोटोंचा क्रम पक्का करावा, मग त्यांची लांबी, मग ट्रान्झिशने, आणि तालाशी जुळवणी सगळ्यांत शेवटी. आधी ताल जुळवून नंतर एक जरी ट्रान्झिशन वाढवले, तरी फोटो एकमेकांवर चढवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये पुढचे सगळे फोटो सरकतात.

विंडोज मूव्ही मेकर या जुन्या प्रोग्रॅमच्या स्टोरीबोर्डमध्ये, म्हणजे फोटो नुसते क्रमाने दाखवणाऱ्या मांडणीत, दोन फोटोंमधल्या छोट्या चौकटीत ट्रान्झिशन टाकत. टाइमलाइनवर नंतरचा फोटो डावीकडे ओढून आधीच्यावर चढवला तरी चाले. शॉटकट या प्रोग्रॅममध्ये आजही असाच ओढून चढवतात. ॲपलच्या आयमूव्हीमध्ये ट्रान्झिशन सांध्यावर आणून सोडतात आणि खुणेवर दोनदा क्लिक करून वेळ बदलतात. अर्ध्या सेकंदाचा डिझॉल्व्ह चपळ वाटतो, १ सेकंदाचा बहुतेक ठिकाणी चालतो, २ सेकंदांचा संथ गाण्यालाच शोभतो.

डिझॉल्व्हच्या मध्यावर चित्र क्षणभर काळवंडत असेल, तर दोन ट्रॅकवरचे (टाइमलाइनच्या एकावर एक असलेल्या पट्ट्यांवरचे) दोन्ही फोटो एकाच वेळी अपारदर्शकता कमी-जास्त करून हाताने विरवलेले असतात. मध्यावर वरचा फोटो ५० टक्के. उरलेल्या ५० टक्क्यांतून खालचा दिसतो, पण तोही निम्माच, म्हणजे २५. बेरीज ७५, बाकीचा काळा. खालचा फोटो पूर्ण १०० टक्के ठेवून फक्त वरचा विरवला की हा दोष जातो.

उभ्या फोटोचा त्रास वेगळा आहे. त्याच्या दोन्ही बाजू रिकाम्या असतात. तो वरच्या ट्रॅकवर उमटत असताना खालचा आडवा फोटो त्या रिकाम्या जागेतून शेवटपर्यंत दिसत राहतो आणि ट्रान्झिशन संपताच एकदम नाहीसा होतो. ४:३ च्या फोटोतही हे होते: ४०००×३००० चा फोटो १९२०×१०८० च्या चौकटीत १४४० बिंदू रुंद बसतो, दोन्हीकडे २४० बिंदू उरतात. उभ्या फोटोमागे काळी पाटी किंवा त्याच फोटोची धूसर प्रत ठेवावी आणि दोन्ही मिळून एकच क्लिप करून मग ट्रान्झिशन लावावे.

फोटोवर हळू झूम असेल तर तो ट्रान्झिशन संपेपर्यंत चालू राहायला हवा. आधीच थांबला, तर विरत असताना चित्र गोठल्यासारखे दिसते आणि तो झटका डोळ्यांना खुपतो.

झलक पाहताना ट्रान्झिशन अडखळले म्हणून ते काढून टाकू नये. मोठे फोटो संगणकाला झेपत नसतात, तयार फाइलमध्ये ते सहसा सुरळीत येते. त्या फाइलमध्येच चौकोनी ठिपके दिसले तर मात्र बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला साठवली जाणारी माहिती, वाढवावा. स्थिर फोटोला माहिती फारच कमी लागते, पण डिझॉल्व्हमध्ये प्रत्येक फ्रेमला सगळेच बिंदू बदलतात.

एकाच व्हिडिओत दहा प्रकार वापरण्याचा मोह आवरावा: एका प्रसंगातल्या फोटोंना साधा कट, जागा किंवा दिवस बदलला की डिझॉल्व्ह. एकापाठोपाठ घेतलेल्या जवळजवळ सारख्या फोटोंना डिझॉल्व्ह लावूच नये. चेहऱ्याला दुहेरी कडा येतात आणि फोटो हलल्यासारखा वाटतो.