ख्रिस्ती कारभारीपण व मंडळीचे दान (बेळगाव सीमाभाग)

आपल्याजवळचा पैसा, जमीन, वेळ आणि अंगचे कसब हे सगळे देवाचे असून माणूस त्याचा केवळ सांभाळ करणारा आहे, या ख्रिस्ती समजुतीला मराठी मंडळ्यांत (म्हणजे चर्चच्या स्थानिक समाजांत) ‘कारभारीपण’ म्हणतात. त्या समजुतीतून उपासनेच्या खर्चासाठी, पाळकाच्या (मंडळीच्या धर्मगुरूच्या) पगारासाठी, इमारतीच्या डागडुजीसाठी आणि गोरगरिबांसाठी जे दिले जाते ते दान किंवा अर्पण. बेळगाव जिल्ह्यात (२०१४ पासून अधिकृत नाव बेळगावी) शहर व छावणी, खानापूर तालुका आणि निपाणीकडचा भाग येथे मराठी बोलणारी ख्रिस्ती कुटुंबे विखुरलेली आहेत. त्यांच्या शेजारी कन्नड आणि कोकणी बोलणाऱ्या ख्रिस्ती वस्त्या आहेत. त्यामुळे येथे दानाची रीत एक असली तरी तिला नावे तीन-चार आहेत. कन्नड उपासनेत जिला ‘काणिके’ म्हणतात तिलाच मराठी उपासनेत अर्पण म्हणतात, आणि दोन्ही उपासनांना बसणारी माणसे बोलताना दोन्ही शब्द बिनदिक्कत वापरतात.

शब्द आणि त्याचा मुलूख

मराठी बायबलात ‘कारभारी’ हा शब्द अनेकदा येतो. लूकच्या १६ व्या अध्यायातला मालकाचे धन उधळणारा कारभारी प्रसिद्धच आहे. कारभारी म्हटला की तो विश्वासू असला पाहिजे, असे प्रेषित पौल करिंथकरांना लिहितो. हा शब्द या भागात समजावून सांगावा लागत नाही. बेळगावला लागून असलेले शहापूर १९४८ पर्यंत सांगली संस्थानात होते, रामदुर्ग आणि जमखंडी ही संस्थानेही फार लांब नव्हती. संस्थानचा कारभारी म्हणजे किल्ल्या कमरेला, पण तिजोरी दुसऱ्याची. विचारले की हिशेब द्यायचा, आणि काढले की निघायचे. बायबलातल्या दृष्टांताला याहून जवळचा शब्द सापडणे कठीण होते.

मात्र याच शब्दाचा दुसरा अर्थ थोडा घोटाळा करतो. खेड्यात बायको नवऱ्याला ‘आमचे कारभारी’ म्हणते, आणि घरातल्या या कारभाऱ्याला हिशेब विचारायची सोय नसते. घरचा पैसा त्याच्या हाती असल्याने बाईचे दान वेगळ्या वाटेने येते: अंडी, दुधाचा रतीब, भाजीचा वाफा, विड्या वळून हाती आलेली मजुरी.

शास्त्राधार

जुन्या करारात उत्पन्नाचा दहावा भाग, म्हणजे दशमांश (बोलीत ‘दशांश’), देवाचा मानलेला आहे. अब्राहामाने मलकीसदेकाला दिलेला दहावा भाग (उत्पत्ती १४), लेवीय २७ मधला भूमीच्या उपजाचा नियम आणि मलाखी ३:१० मधली ‘भांडारात’ दशमांश आणण्याची हाक ही नेहमीची वचने. अनुवाद १४ मात्र प्रवचनांत कमी ऐकू येतो. तेथे दर तिसऱ्या वर्षीचा दशमांश गावातच साठवून लेवी (उपासनेची सेवा करणारा वंश), उपरा, अनाथ आणि विधवा यांनी पोटभर खावे, असे सांगितले आहे. दशमांशाचा हा भाग पाळकापेक्षा वेशीतल्या भुकेल्यांशी बांधलेला आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

नव्या करारात ठरीव टक्का नाही. शेप, पुदिना नि जिरे यांचाही दशमांश मोजणाऱ्यांना येशू न्याय आणि दया यांची आठवण देतो. पौल आठवड्याच्या पहिल्या दिवशी आपापल्या प्राप्तीप्रमाणे बाजूला काढून ठेवायला सांगतो (१ करिंथ १६:२). देणे भाग पडते म्हणून देऊ नये, संतोषाने देणारा देवाला प्रिय असतो, हेही त्याचेच म्हणणे (२ करिंथ ९:७). सर्वांत जास्त सांगितली जाते ती मार्कच्या १२ व्या अध्यायातली दरिद्री विधवा. जुन्या मराठी भाषांतरात तिने ‘दोन टोल्या म्हणजे एक दमडी’ टाकली असे आहे. टोली कोणी पाहिलेली नाही, दमडी फक्त म्हणीत उरली आहे, तरी हे शब्द वयस्क माणसांच्या तोंडी अजून पक्के आहेत.

मिशनच्या पैशापासून मंडळीच्या पैशापर्यंत

बेळगावात लंडन मिशनरी सोसायटीचे काम १८२० मध्ये सुरू झाले. बेळगावातच १८३१ साली जन्मलेले आणि १८५४ मध्ये येथेच बाप्तिस्मा घेतलेले मराठी लेखक बाबा पदमनजी याच मिशनच्या शाळेत शिकले. १९०४ मध्ये लंडन मिशनने हे ठाणे मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाच्या अमेरिकन मिशनकडे सोपवले. बेनन-स्मिथ हायस्कूल ही त्या परंपरेची शहरातली ठळक खूण. निपाणीकडच्या भागाचा ओढा मात्र कोल्हापूरकडे. तेथे मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ मध्ये आले आणि पुढे अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनचे जाळे मिरज-सांगलीपर्यंत पसरले.

या काळात पैसा वरून खाली येत असे. शाळामास्तर, बायबलवाली बाई, पाळक, दवाखान्यातला कंपाउंडर या सर्वांचा पगार मिशनच्या कचेरीतून निघे. मंडळीतले बरेच लोक भूमिहीन, गावकुसाबाहेरच्या जातींतून आलेले. त्यांच्याकडे मागायचे काय, हा मिशनरीचा संकोच आणि साहेब देतोच आहे ही लोकांची सवय, दोन्ही एकमेकांना पोसत राहिल्या. वास्तविक एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासूनच इंग्लंडात हेन्री व्हेन आणि अमेरिकेत रूफस अँडरसन हे मिशनांचे चिटणीस सांगत होते की, स्थानिक मंडळी स्वावलंबी, स्वशासित आणि स्वप्रसारक झाली पाहिजे. अँडरसन १८५४-५५ मध्ये हिंदुस्थानात येऊनही गेले. कागदावरचे हे तत्त्व पगारपत्रकात उतरायला मात्र कित्येक दशके लागली. १९०५ मध्ये सेरामपूर येथे भारतीय माणसे आणि भारतीय पैसा यांवर चालणारी नॅशनल मिशनरी सोसायटी निघाली, आणि मराठी मुलखात रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा स्वतंत्र मेळा मांडला. टिळकांचे पाऊल मराठी ख्रिस्ती माणसाला आजही अभिमानाचे वाटते. त्यांच्यामागे किती मंडळ्या गेल्या, हा प्रश्न मात्र सहसा कोणी काढत नाही.

मेथडिस्टांकडे नियमित दानाची जुनी शिस्त होती. १७४२ मध्ये ब्रिस्टल येथे प्रार्थनागृहाचे कर्ज फेडण्यासाठी प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी असे ठरले, आणि ती गोळा करण्यासाठी बारा-बारा जणांचे गट पाडले गेले. गटनायक घरोघर जाऊ लागला तसे त्याला पेनीबरोबर घरातली भांडणे, दारू, आजारपणही कळू लागले, आणि वसुलीसाठी केलेल्या या गटांचेच ‘क्लास’ झाले. मेथडिस्ट चळवळीचा कणा पुढे हेच क्लास ठरले. या चळवळीचा संस्थापक जॉन वेस्ली याच्याविषयी सांगतात की, वर्षाला ३० पौंड मिळत तेव्हा तो २८ मध्ये भागवून २ देई, आणि पुढच्या वर्षी ६० मिळू लागले तरी २८ मध्येच भागवून ३२ दिले.

रोमन कॅथलिकांची घडी निराळी. गोव्याच्या पाद्रोआदो व्यवस्थेत पोर्तुगालचा राजा चर्चचा खर्च उचलण्यास बांधलेला असे. बेळगाव धर्मप्रांत १९ सप्टेंबर १९५३ रोजी गोवा आणि पुणे यांच्या हद्दीतून वेगळा काढला गेला. १९८३ च्या धर्मसंहितेप्रमाणे चर्चच्या गरजांना हातभार लावणे हे श्रद्धावंतांचे कर्तव्य आहे, पण त्यासाठी टक्का नेमलेला नाही. दिवंगतांसाठी मिसा (कॅथलिकांची मुख्य उपासना) सांगताना दिले जाणारे दान, सणाच्या दिवशीची वर्गणी आणि मिसाच्या वेळी फिरणारी पेटी ही त्यांची मुख्य अंगे. प्रत्येक धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) आर्थिक समिती असलीच पाहिजे, असाही नियम त्याच संहितेत आहे.

दान येते कसे

रविवारच्या उपासनेत अर्पणाचे गीत सुरू झाले की दोघे जण कापडी पिशव्या घेऊन बाकांमधून फिरतात. पिशवीला लाकडी मूठ असते आणि तोंड अरुंद. देणारा मूठ झाकून आत घालतो आणि उघडून बाहेर काढतो. आत पाचशेची नोट पडली की दोन रुपयांचे नाणे, हे शेजाऱ्याला कळत नाही. ताट फिरवणाऱ्या मंडळ्यांत हा आडपडदा राहत नाही, आणि जुनी माणसे ताटाला नाक मुरडतात ती यासाठीच. महिन्याचे दान नाव लिहिलेल्या लिफाफ्यातून येते. त्याला पावती मिळते आणि वहीत नोंद होते. मुलाचा पहिला पगार, नव्या घराची चौकट, ऑपरेशन निभावणे, मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त होऊन घरी परतणे अशा प्रसंगी उपकारस्तुतीचे दान वेगळे देतात.

घरोघर स्वयंपाकापूर्वी एक मूठ धान्य बाजूला काढण्याची रीत मिझोराममध्ये सर्वांत भरभराटीला आली, तेथे ती १९१० पासून चालू आहे. सीमाभागात ती कधी एवढी बांधीव झाली नाही. येथे धान्य येते ते सुगीला. ‘सुगी’ आणि कन्नड ‘सुग्गी’ एकच, म्हणून हा सण दुभाषी मंडळीतही एकाच नावाने ओळखता येतो. खानापूरकडे भात घरात आले की एका रविवारी वेदीपुढे भाताची पोती, नाचणी, रताळी, केळीचे घड, भोपळे, गूळ आणि पाय बांधलेल्या कोंबड्या मांडतात. प्रवचनात मध्येच कोंबडी ओरडते आणि पोरे हसतात. उपासना झाली की अंगणात लिलाव. पुकारणारा गमत्या असावा लागतो, भाव मराठीत चढतो आणि शेवटी कोणीतरी ‘ओंदू, एरडू, मूरू’ (एक, दोन, तीन) म्हणून तो तोडतो. बाजारात ज्या भोपळ्याला कोणी विचारणार नाही तो येथे पाचपट जातो. घेणारा तोच भोपळा पुन्हा दान करतो आणि पुन्हा बोली लागते. पाहुण्याला हा पोरखेळ वाटतो. वास्तविक ज्याच्याकडे रोख नाही त्याची रताळी आणि ज्याच्याकडे शेत नाही त्याची नोट एकाच टेबलावर आणणारी ही व्यवस्था आहे.

दशमांश कशाचा

नोकरदाराचा वाद ठरलेला: मूळ पगाराचा द्यायचा की कापून हातात येणाऱ्याचा? शेतकऱ्याचा वाद जास्त अवघड. चिकोडी-निपाणीकडे ऊस कारखान्याला जातो आणि बिल महिन्यांनी जमा होते. सोसायटीचे कर्ज आधीच वळते झालेले असते, खतवाल्याची उधारी वर उरतेच. “साहेब, बिलाचा द्यायचा की हातात आलं त्याचा?” हा प्रश्न पाळकाला दर हंगामात येतो. लेवीयातला नियम उपजाचा आहे, नफ्याचा नाही. पण त्या नियमामागे सोसायटीचे कर्जही नव्हते. समजूतदार पाळक येथे आकडा सांगत नाही, २ करिंथ ९:७ वाचून दाखवतो. अलीकडच्या काही स्वतंत्र मंडळ्यांत मात्र मलाखीचे वचन ‘पेराल तसे दसपट उगवेल’ अशा हमीसारखे सांगतात. कर्जबाजारी माणसाला ही हमी फार गोड लागते, आणि तिच्यावरची टीकाही त्याच कारणासाठी आहे.

शेजारधर्मातल्या दानाशी तुलना येथे आपोआप होते. लिंगायतांचा दासोह (अन्नदान, सेवा) हा कष्टाच्या, म्हणजे कायकाच्या, कमाईतूनच करायचा असतो. मुसलमानांच्या जकातीचा दर अडीच टक्के आहे आणि तो साठलेल्या मालमत्तेवर लागतो.

हिशेब

दान देणारा कारभारी असेल तर ते घेणारी, मंडळीचा कारभार पाहणारी पंच कमिटीही कारभारीच, आणि सीमाभागातल्या मंडळ्यांची भांडणे पाहिली तर घोडे येथेच अडते. यहूदाकडे ‘डबी’ होती आणि तीत पडलेले तो चोरून घेई, हे योहान १२ मधले वाक्य वार्षिक सभेत हमखास कोणीतरी कोणाला तरी ऐकवतो. उलट पौल यरुशलेमसाठी जमवलेली रक्कम नेताना सोबत माणसे घेतो, ती कोणी दोष लावू नये म्हणून (२ करिंथ ८). नीट चालणाऱ्या मंडळीत उपासना संपल्यावर किमान दोघे जण टेबलावर पिशव्या उलट्या करतात, चुरगळलेल्या नोटा हाताने सपाट करतात, नाण्यांच्या चवडी लावतात आणि आकडा वहीत लिहून दोघेही सही करतात. पुढच्या रविवारी तो मंडळीपुढे वाचला जातो. यातला वाटा वरच्या कचेरीला जातो. तो किती असावा यावरून कुरबूर कायमची.

परदेशी मदतीची वाट आता अरुंद आहे. विदेशी अंशदानाच्या २०१० च्या कायद्यात २०२० मध्ये दुरुस्ती होऊन असा पैसा एका संस्थेने दुसऱ्या संस्थेला देण्यास बंदी आली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. देशातले दान करातून वजा होईल, अशी आशा पगारदारांना असते. पण प्राप्तिकर कायद्यातली दानाची ही वजावट (१९६१ च्या कायद्यात कलम ८०-जी) एका विशिष्ट धर्मसमाजासाठी चालणाऱ्या संस्थांना सहसा लागू होत नाही. त्यामुळे चर्चच्या पावतीने कर कमी होत नाही.

शहरातल्या मंडळ्यांच्या दारात आता क्यूआर कोडचा फलक लागला आहे आणि तरुण दान मोबाइलवरून करतात. पिशवी तरीही फिरते. फोनवरून आधीच दिलेला माणूसही ती पुढे आली की मूठ झाकून आत घालतो आणि रिकामी उघडतो.